तुमच्या नावावरचं वाक्य

पप्पा, काल प्रदर्शनाच्या भिंतीवरून माझी चित्रं उतरवली. अकरा लावली होती, दहा परत आणली. अकरावं वायनरीच्या मॅनेजरने त्याच्या ऑफिसात लावायला मागितलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. दहाच्या दहा रिक्षात मागच्या सीटवर उभी करून ठेवली आणि मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसले. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकाला मागे काचा वाजत होत्या आणि मला वाटत होतं, फुटू देत एकदाच्या. घरी आईने दिवाणाखाली जागा करून ठेवलीच होती. आता ती तिथे आहेत, जुन्या चादरीत गुंडाळलेली. आज मी शिकवते त्या शाळांना सुट्टी आहे, दुपारचे तीन वाजलेत. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली तरी तुम्हालाच लिहायला बसले आहे, कारण या प्रदर्शनाबद्दल जिच्याजवळ मनसोक्त चिडावं ती आई, आणि तिच्याजवळ या विषयावर आता खरं बोलता येत नाही. का ते पुढे सांगते.

तुम्ही काय काम करायचात हे लोकांना सांगताना मला अजूनही दोन-तीन वाक्यं लागतात. माझे वडील अंबडला कंपनीत होते म्हटलं की लोक मान हलवतात, नाशकात अर्ध्या लोकांचे वडील अंबडला कंपनीत असतात. मग सांगावं लागतं की तिथे प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनायचे, डाय म्हणतात त्याला. साचा आतून आरशासारखा गुळगुळीत लागतो, नाहीतर त्यावरचा एकेक ओरखडा पुढे निघणाऱ्या प्रत्येक डब्यावर, प्रत्येक झाकणावर उमटतो. मशीनचं काम जिथे संपतं तिथून पुढे ते हाताने घासावं लागतं. आधी दगडाची कांडी, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, शेवटी कापसाच्या बोळ्यावर पेस्ट. ते घासणारे तुम्ही. सत्तावीस वर्षं. तुमच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर ठसे राहिले नव्हते. रेशनच्या दुकानात अंगठा चालायचा, ती बोटं चालायची नाहीत.

मी पाचवीत असताना तुम्ही लोखंडाचा एक चौकोनी पीस घरी आणला होतात. कुठल्यातरी नव्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा होता आणि कंपनीत वेळ पुरला नव्हता. आपल्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट घरात सगळ्यात चांगली, म्हणून तुम्ही ओट्याच्या एका टोकाला वर्तमानपत्र अंथरून घासत होतात आणि दुसऱ्या टोकाला आई भाकरी थापत होती. तुम्ही पीस तिरका करून त्यात ट्यूबचं प्रतिबिंब बघायचात. ट्यूबची कड थोडी जरी थरथरल्यासारखी दिसली की परत घासायचात. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी तो उचलून बघितला. माझे दात दिसत होते त्यात, पडलेल्या दाताची फट दिसत होती. मला काय झालं कोण जाणे, मी कंपासपेटीतला कर्कटक घेतला आणि त्यावर एक मांजर काढलं. मिशांसकट. इतकी चांगली रेघ मला आजवर कागदावर जमली नव्हती. लोखंडावर ती फिरवताना हात कसा ओढला जातो ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुम्ही मारलं नाहीत. खांद्यावर टॉवेल होता, केसांतून पाणी गळत होतं, आणि तुम्ही बराच वेळ त्या मांजराकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "दुसऱ्याच्या कामावर हात चालवायचा नाही. तुला करायचंय ना, तुझं आण आणि त्याच्यावर कर." एवढंच. मग मला शेजारी स्टुलावर बसवलंत आणि दिवसभर बसवून ठेवलंत. मी ते मांजर जाताना बघितलं. आधी मिशा गेल्या, मग शेपूट, पोटाची रेघ मी दाबून काढली होती ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही पितळेचा एक तुकडा आणलात, पोस्टकार्डाएवढा, भंगारातला. हाताला लागू नये म्हणून चारही कडा कानशीने मारलेल्या. "हे तुझं," म्हणालात आणि चपला काढायला दारात गेलात.

हे मी जरा लांबवून लिहिलं कारण ते खरं आहे. प्रदर्शनात मात्र हे कुठेच नव्हतं.

मुंबईच्या कॉलेजात मी छापचित्रं शिकायला घेतली तेव्हा घरात कोणाला ते नीट कळलं नव्हतं, तुम्हाला सोडून. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथे सुई फिरली तिथे ॲसिड खातं आणि चर पडतो. मग चरांमध्ये शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची, ओला कागद ठेवायचा आणि प्रचंड दाबाखालून तो काढायचा. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, पत्रा किती गेजचा. मी वर्गातून विचारून तुम्हाला परत फोन केला होता.

मग तुम्ही गेलात, माझ्या शेवटच्या वर्षी, दोन दिवस दवाखान्यात काढून. परीक्षा झाली आणि मी घरी आले. कोणी बोलावलं नव्हतं. पण आई एकटी होती, तिने कंपनीत पॅकिंगला जायला सुरुवात केली होती, आणि मुंबईत राहण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. कॉलेज संपताना मला एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. तेलरंगात रंगवणारी मुलं घरी जाऊन उद्यापासून रंगवू शकतात. छापचित्रंवाल्याला मशीन लागतं. दिसायला ते रसवंतीच्या चरकासारखं असतं, वरखाली दोन जाड रूळ आणि मधून जाणारी लोखंडी फळी. कॉलेजात ते होतं म्हणून पाच वर्षं मी स्वतःला चित्रकार समजत होते. नाशकात आल्यावर कळलं की मी फक्त त्या मशीनजवळ राहत होते.

पहिली तीन वर्षं मी चमच्याच्या पाठीने कागद घासून छाप काढायचा प्रयत्न केला. आईचं लाटणं वापरलं. लाकडाच्या ठशांना ते चालतं, धातूच्या चरांमधली शाई त्याने वर येत नाही. उरलेला वेळ मी दोन शाळांत तासांवर चित्रकला शिकवते आणि घरी ग्रेड परीक्षेच्या मुलांचा क्लास घेते. तांब्या, दोन वांगी, मागे घडी पडलेलं कापड. गेली दहा वर्षं तोच तांब्या. आणि अर्ज. तुमच्या वेळी अर्ज म्हणजे नोकरीचा. आता चित्र दाखवायचं तर अर्ज, चित्र काढायला कुठे महिनाभर जाऊन राहायचं तर अर्ज, अर्ज कसा करावा याच्या शिबिरालाही अर्ज. सगळे इंग्रजीत. त्यात एक रकाना असतो, तुमच्या कामामागचा विचार तीनशे शब्दांत लिहा. मी लिहायचे की मला बंद पडलेल्या शेडमधली यंत्रं, त्यावर टाकलेलं प्लॅस्टिक, शिफ्ट सुटल्यावर रिकामा पडलेला बसस्टॉप असं काढायला आवडतं, आणि रेघ जाड-बारीक होताना मजा येते. यात तीनशे शब्द होत नाहीत. उत्तरं यायची, बहुतेक नाहीच यायची. आली तर लिहिलेलं असायचं की यंदा अर्ज खूप होते, पुढच्या वेळी जरूर करा. आमच्यासारख्यांना ते इमर्जिंग म्हणतात, म्हणजे उगवते. मी बत्तीस वर्षांची आहे. पस्तिसाव्या वर्षी उगवायची मुदत संपते, तसं फॉर्मवरच छापलेलं असतं.

नाशकात दाखवावं म्हटलं तर हॉल साड्यांच्या सेलला दिलेले. एका कॅफेवाल्याने भिंत दिली होती, मग म्हणाला, मॅडम, जरा कलरफुल काही नाही का, लोकांना जेवताना काळं काळं बघायला नको वाटतं. मी दोन दिवसांत काढून आणली ती.

शेवटी मी काकांकडे गेले. कंपनीत तुमच्या शेजारी लेथवर होते ते, घोटीचे, तुमच्याबरोबर डबा खायचे. कंपनीने टूलरूम कमी केली तेव्हा त्यांनी अंबडमध्येच एक शेड भाड्याने घेऊन स्वतःची लेथ टाकली. मी मोबाइलवर मशीनचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून रुळाचं टोक बघितलं आणि म्हणाले, "मशीन बनवू, त्यात काय हाय. पन ते करतं काय ते आधी सांग." मी पितळेच्या तुकड्यावर रेघ काढून दाखवली आणि कॉलेजच्या मशीनवरचा एक जुना छाप हातात दिला. त्यांनी छाप उजेडात धरला, रेघेवरून अंगठा फिरवला, ती कागदावर उठून आलेली त्यांना लागली. "लय दाब लागंल याला," म्हणाले, आणि कामाला लागले.

चार महिने गेले. सुट्टीच्या दिवशी मी सकाळी डबा घेऊन जायचे आणि आम्ही भंगारवाल्यांकडे रूळ शोधत फिरायचो. एक रूळ कागदाच्या गिरणीतला निघाला, दुसरा त्यांनी नवा कातला. मशीन उभं राहिलं त्या दिवशी मी घरून पत्रा तयार करून नेला होता. पहिला छाप निघाला आणि डावीकडचा भाग फिकट. दुसरा काढला, तिसरा काढला, डावीकडे फिकटच. काकांनी पातळ पत्री घातली, कागदाच्या घड्या घातल्या, बेअरिंग काढून परत बसवलं. थोडं सुधारलं, पूर्ण गेलं नाही. मी त्यांच्यावर चिडले होते, पप्पा. फुकट काम करणाऱ्या माणसावर. ते म्हणाले, डावी बैठक केसभर खाली हाय, ती पूर्ण खोलावी लागंल. मी म्हटलं, राहू द्या. कारण तेवढ्यात मला दाखवायला जागा मिळाली होती आणि थांबायची माझी तयारी नव्हती.

ही जागा म्हणजे धरणाच्या रस्त्याला एक वायनरी आहे. तुमच्या वेळी तिकडे एवढ्या नव्हत्या. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात, द्राक्षबाग बघतात, वाइन चाखतात आणि जेवून जातात. चाखायच्या हॉलच्या बाजूला त्यांनी एक लांब पांढरी खोली काढली आहे चित्रांसाठी. ती बघणाऱ्या मॅडम मुंबईच्या. माझ्या एका वर्गमैत्रिणीने त्यांना माझे फोटो पाठवले होते. त्या स्वतः अंबडला आल्या, शेडमध्ये. मला आनंदाने सुचेना. मी अकरा छाप एका टेबलावर मांडून ठेवले होते, खाली धुतलेली चादर. त्यांनी ते बघितले, छान आहेत म्हणाल्या, आणि मग त्या मशीनकडे वळल्या. मशीनचे फोटो काढले, काकांच्या हातांचे काढले, हात असे धरा, तसे धरा. हे कोणी बनवलं, तुमची ओळख कशी, असं करत करत गोष्ट तुमच्यापर्यंत आली. तुम्ही काय करायचात ते मी सांगितलं. त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे वडील ओरखडे घालवायचे आणि तुम्ही ओरखडे काढता?" मला हे कधी सुचलं नव्हतं असं नाही, पण कोणी असं पाटी लावल्यासारखं बोललं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी छापांकडे परत बघितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस फोन. मी माझ्याबद्दलचा मजकूर पाठवला, तांब्याचा पत्रा, जस्ताचा पत्रा, रेघेचं वजन, बसस्टॉप. त्या म्हणाल्या, जरा ड्राय वाटतंय, वडिलांना आणा ना त्यात. मी तुम्हाला एका परिच्छेदात आणलं. त्या म्हणाल्या, अजून. माहिती नको, काहीतरी वैयक्तिक हवं. मी म्हटलं, मॅडम, चित्रं बसस्टॉपची आहेत. त्यावर त्या रागावल्या नाहीत, समजावून सांगितलं, की लोक भिंतीपाशी किती कमी वेळ थांबतात, त्यांना आत यायला एक दार लागतं. मग म्हणाल्या, "त्यांचं एखादं वाक्य नाही का? तुमच्या कामाबद्दल ते काही म्हणाले असतीलच." मी स्वयंपाकघरात उभी होते, कुकरची शिट्टी व्हायची होती. मी म्हटलं, आहे. आणि मग, विचार करायला सुद्धा न थांबता, मी तुमचं म्हणून एक वाक्य सांगितलं. मी आयुष्यभर ओरखडे पुसले, तू ते जपून ठेव. त्या हळूच म्हणाल्या, हेच. हेच हवं होतं.

तुम्ही कधी असं बोलला असता का? 'आयुष्यभर' हा शब्द तुम्ही उच्चारलेला मला आठवत नाही. तुम्ही जपून ठेव म्हणायचात ते रेशनकार्डाला.

उद्घाटनाला गेले तर ते वाक्य भिंतीवर होतं. वर इंग्रजीत, खाली मराठीत, खाली तुमचं नाव, आणि अक्षरं एवढी मोठी की माझ्या वहीच्या पानाएवढ्या छापांपैकी एखादा त्यातल्या एका अक्षरात बसला असता. लोक हातात ग्लास घेऊन यायचे, वाक्य वाचायचे, मान डोलवायचे, त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढायचे आणि पुढे निघून जायचे. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, किती भाग्यवान आहेस, असे वडील. मी थँक्यू म्हटलं. त्या चित्रांकडे पाठ करून उभ्या होत्या. मी मोजत नव्हते, पण त्या दोन तासांत मशीनने छापलेल्या रेघेजवळ नाक नेऊन बघणारं मला त्या पाहुण्यांत कोणी दिसलं नाही. मला त्या वाक्याचा राग आला, आणि ते वाक्य तर मीच लिहिलं होतं.

काका आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नवे बूट, आल्या आल्या वॉचमनने त्यांना कुणाचे ड्रायव्हर म्हणून विचारलं होतं. त्यांनी भिंतीवरचं वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "असं म्हनला व्हता तो?"

मी म्हटलं, हो.

ते म्हणाले, "आमच्याजवळ तर एवढं सलग कधी बोलला नाय." त्यांच्या आवाजात शंका नव्हती. वाईट वाटल्यासारखं होतं, वीस वर्षं एका डब्यातून खाऊनही आपल्याला हा माणूस पुरा कळला नाही असं. त्यानंतर त्यांनी अकराही छाप एकेक करून बघितले. चष्मा वर, हात मागे, जसे तुम्ही दोघं काम बघायचात तसे. सगळे बघून झाल्यावर माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "डावीकडं अजून कमीच येतंय. मी खोलतो ते. तू घाई केली." त्या सगळ्या संध्याकाळी माझ्या कामाबद्दल बोललेलं हे एकच वाक्य, आणि मी त्यावर फक्त मान हलवली.

आईने इंग्रजी सोडून दिलं, मराठी वाचलं. तिथे ती वाइनच्या वासाने नाकाला पदर लावून उभी होती. परत येताना रिक्षात तिने विचारलं, "कधी म्हणाले गं ते?" मी बाहेर बघत बसायला हवं होतं. पण मला वाटलं, आता मागे फिरता येणार नाही, आणि मी म्हटलं, दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी, तू चहा आणायला खाली गेली होतीस तेव्हा. पप्पा, ती खरंच गेली होती चहा आणायला. पाचेक मिनिटं आपण दोघंच होतो. तेव्हा तुम्ही पंखा कमी कर एवढंच म्हणाला होतात आणि डोळे मिटले होते. आई म्हणाली, मग मला का नाही सांगितलंस तेव्हाच. मी म्हटलं, तू रडली असतीस. मुंबई नाक्याच्या पुढे आल्यावर म्हणाली, "चहाला गेले नसते तर मलाही ऐकू आलं असतं."

आता ती ते सगळ्यांना सांगते. पॅकिंगमधल्या बायकांना, मावशीला, तुमच्या वर्षश्राद्धाला आलेल्या आत्याला. दरवेळी शेवटी चहाचं सांगते. दहा वर्षं तिच्याकडे तुमची जी शेवटची आठवण होती, तुम्ही तिला चहा साखर कमी घालून आण म्हणालात ती, ती आता तिला पुरत नाही. मी हे केलं. चित्र विकलं जावं म्हणूनही नव्हे, ते गेलंच नाही कुठलं. फोनवरच्या एका बाईने हेच हवं होतं म्हणावं म्हणून. दुसऱ्याच्या कामावर हात चालवू नको, हे तुम्ही मला पाचवीत सांगितलं होतं, आणि मी तुमच्या मरणावर हात चालवला. आता ते घासून काढायचं कसं, ते मला ठाऊक नाही. आईला खरं सांगितलं तर ती माझ्यावर रागवेल, ते मी सोसेन, पण तिच्याकडून ते वाक्य परत घ्यायचं म्हणजे तुम्ही तिला दुसऱ्यांदा गेल्यासारखे होईल. म्हणून हे तुम्हाला लिहिलं. तिला वाचून दाखवावं म्हणून सकाळी वही काढली होती. दाखवणार नाही. आताच ती आतून विचारून गेली, काय लिहितेस, मी म्हटलं, अर्ज.

मॅडमनी विचारलं तेव्हा खरं उत्तर माझ्याजवळ होतं. माझ्या कामाबद्दल तुम्ही एकदाच काही म्हणाला होतात. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला, तुम्ही जाण्याच्या वर्षभर आधी. पहाटेची गाडी पकडून एकटेच आला होतात, सुट्टी टाकून. माझा मोठा छाप दाराच्या समोरच्या भिंतीवर लावला होता, त्याला वर्गातलं पहिलं बक्षीस होतं. चित्र शेडचं, आणि उजव्या कोपऱ्यात शाईचा एक करडा धुरकट पट्टा. सर त्याबद्दल सगळ्यांना सांगत होते, हा टोन बघा, शाई मुद्दाम ठेवून तिने कसा सोडलाय. तुम्ही त्या कोपऱ्यापाशी वाकून बराच वेळ बघितलंत, पीस बघायचात तसं मान तिरकी करून. मग माझ्याकडे वळून, सरांसमोर, मैत्रिणींसमोर, विचारलंत, "हे पुसायचं राहिलं का?" सर हसले. मैत्रिणी हसल्या. मी म्हटलं, "पप्पा, तुम्हाला नाही कळणार ते." तुम्ही हो हो म्हणालात, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसलात, आणि मग कँटीन कुठे आहे ते विचारलंत.

तो छाप काढला त्या दिवशी सबमिशनला अर्धा तास उरला होता. मशीनवर माझ्यामागे चार जणी रांगेत उभ्या होत्या. मी शाई एका बाजूने पुसत आणली आणि कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी चल आटप म्हटलं, म्हणून तसाच पत्रा मशीनवर ठेवला. सर म्हणाले टोन, तेव्हा मी मान डोलावली, आणि त्यानंतर आजपर्यंत कोणालाही वेगळं सांगितलं नाही.

पुसायचं राहिलंच होतं, पप्पा.